बावन्न सेकंदांतला सिंध

अंबरनाथ पूर्वेला, कानसई सेक्शनमधल्या आमच्या सोसायटीत २६ जानेवारीला आता दोन गाणी वाजतात. आधी राष्ट्रगीत, मग राज्यगीत. सेक्रेटरीकाकांच्या मोबाइलवरून, ब्लूटूथ स्पीकरवर. राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात, राज्यगीताला १ मिनिट ४१ सेकंद. मागच्या वेळी दोन गाण्यांच्या मध्ये कर्ज देणाऱ्या कुठल्याशा अॅपची जाहिरात लागली. मुलं हसली, सावधानमधून आपोआप विश्राममध्ये आली. काका घाईघाईनं स्क्रीनवर बोट आपटत राहिले.

जाहिरात पुढे ढकलता येईपर्यंतच्या त्या पाच सेकंदांत माझ्या डोक्यात एक प्रश्न आला. ही दोन्ही गाणी मी शेकडो वेळा ऐकली आहेत, पण कविता म्हणून कधी वाचली आहेत का? एरवी कुठल्याही कवितेला आपण विचारतो, की यात कुणाचं नाव घेतलंय, कोण सुटलंय, बोलणारा कुणाकडे तोंड करून उभा आहे. उभं राहून ऐकायच्या गाण्यांना आपण हे विचारत नाही. या लेखात मी ते विचारणार आहे. मी साहित्याचा विद्यार्थी नाही. इंजिनियरिंग केलंय, फॉर्म आणि याद्या बनवायची नोकरी करतो. त्यामुळे सुरुवात यादीपासूनच करतो.

यादी

राष्ट्रगीताच्या मध्यावर सात नावांची यादी आहे. ती तुम्हाला पाठ आहे, म्हणून इथे लिहीत नाही. माझ्या कामात यादीचा पहिला नियम असा, की तिच्यातल्या सगळ्या गोष्टी एकाच प्रकारच्या हव्यात. राज्यांची यादी असेल तर फक्त राज्यं, भाषांची असेल तर फक्त भाषा. हा नियम या यादीला लावून बघा. पंजाब आणि गुजरात हे प्रदेश झाले. 'मराठा' हे प्रदेशाचं नाही, माणसांचं नाव आहे; तिथे 'महाराष्ट्र' म्हटलेलं नाही. 'द्राविड'मध्ये आजची अख्खी चार-पाच राज्यं मावतात. उत्कल आणि बंग ही जुन्या ग्रंथांतली नावं आहेत, त्या काळच्या सरकारी कागदांवरची नव्हेत. आणि दुसरं नाव कुणी 'सिंध' म्हणतं, कुणी 'सिंधु'. मूळ बंगालीत 'सिंधु' आहे. म्हणजे ती नदी समजा किंवा तिच्या काठचा मुलूख समजा. ही यादी माझ्याकडे कोड रिव्ह्यूला आली असती, तर मी ती परत पाठवली असती.

पण हीच तिची ताकद आहे, असं मला आता वाटतं. त्यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

हे गीत पहिल्यांदा गायलं गेलं २७ डिसेंबर १९११ रोजी, काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात. तेव्हा सिंध कुठे होता? मुंबई इलाख्यात. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबईला जोडला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत तो मुंबईच्याच कारभाराखाली होता. कराचीचं डी. जे. सिंध कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. म्हणजे यादीत ओळीनं येणारे सिंध, गुजरात आणि मराठा यांचा मोठा भाग १९११ मध्ये एकाच गव्हर्नरच्या हाताखाली होता, आणि तो गव्हर्नर मुंबईत बसायचा. उलट 'मराठा' हे जे एकच नाव आहे, त्यातली माणसं मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचं राज्य अशा तीन कारभारांत वाटलेली होती. टागोरांनी सरकारी नकाशा बाजूला ठेवला. नकाशानं एकत्र कोंबलेली नावं त्यांनी वेगळी केली आणि नकाशानं तोडलेली माणसं एका नावात आणली. ही यादी भूगोलाची नव्हे, लोक स्वतःला काय म्हणवतात त्याची आहे. म्हणून ती विस्कळीत आहे. माणसं स्वतःला एकाच प्रकारच्या नावानं ओळखत नाहीत. कुणी नदीचं नाव सांगतं, कुणी जुन्या राज्याचं, कुणी नुसतं 'आम्ही'.

आता दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेव्हाचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागेवर एका नव्या गावाची कोनशिला बसली. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे एक लाख लोक तिथल्या बराकींत राहत होते. गावाला नाव दिलं उल्हासनगर. नंतर साडेपाच महिन्यांनी, २४ जानेवारी १९५० रोजी, संविधान सभेत राजेंद्र प्रसादांनी हे गीत राष्ट्रगीत असल्याचं जाहीर केलं. तोवर सिंध पाकिस्तानात जाऊन जवळपास अडीच वर्षं झाली होती. म्हणजे ज्या दिवशी ही यादी देशाची अधिकृत यादी झाली, त्या दिवशी तिच्यातलं एक नाव नकाशावर देशाच्या बाहेर होतं. पण त्या नावाची माणसं अंबरनाथच्या अलीकडच्या स्टेशनाजवळ बराकीत होती.

ॾाॾी

इथून पुढे मला स्वतःबद्दल थोडं वाईट सांगायचं आहे.

शाळेत माझ्या बाकावर एक सिंधी मुलगा होता. राहायचा अंबरनाथलाच, आजी मात्र काकांकडे, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये. (उल्हासनगरच्या भागांना आजही कॅम्प एक ते कॅम्प पाच म्हणतात. पंच्याहत्तर वर्षांत छावणी गेली, शब्द राहिला.) रोज सकाळच्या प्रार्थनेला राष्ट्रगीतात त्याचं नाव आलं, की आमची अख्खी रांग मान तिरकी करून त्याच्याकडे बघायची आणि दात काढायची. त्याच्या मागोमाग 'मराठा' यायचं, तेव्हा आम्ही छाती फुगवायचो. एका श्वासात दोन नावं. एकाला हसायचं, एकाला फुगायचं. शिक्षकांनी कधी अडवलं नाही, कारण आवाज तर होत नव्हता.

दुसरी गंमत त्याच्या आजीवरून. तो तिला 'डाडी' म्हणतो असं आम्हाला ऐकू यायचं. याला साधं 'दादी' म्हणता येत नाही म्हणून आम्ही त्याचंच नाव डाडी पाडलं. ते दहावीपर्यंत टिकलं.

चूक आमच्या कानांची होती, हे मला कळलं नोकरीला लागल्यावर. सिंधीत चार व्यंजनं अशी आहेत, जी म्हणताना हवा बाहेर सोडायची नसते, आत ओढायची असते. देवनागरीत ती खाली रेघ देऊन लिहितात: ॻ, ॼ, ॾ, ॿ. तुमच्या फोनवर ही अक्षरं नीट दिसत असतील तर उत्तम. रिकामे चौकोन दिसत असतील, तर तेही या लेखाचं म्हणणंच समजा. ही अक्षरं युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात २००६ पासून आहेत, आपल्या क, ख, ग यांच्याच घरात. आजीला सिंधीत म्हणतात ॾाॾी. दोन्ही अक्षरं आत ओढायची. माझा मित्र बरोबर म्हणत होता. आमच्या भाषेत तो आवाज नव्हता, म्हणून आम्ही त्याचा आवाज चुकीचा ठरवला.

यमुनेचं पाणी

आता दुसरं गाणं. 'गर्जा महाराष्ट्र माझा'. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. ३१ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळानं ते राज्यगीत म्हणून मान्य केलं आणि १९ फेब्रुवारीपासून, म्हणजे शिवजयंतीपासून, ते अंमलात आलं. मूळ गाण्याचे तीन चरण, राज्यगीतात दोन घेतले आहेत.

गाणं मला आवडतं. खळ्यांची चाल सुरू झाली की अंगावर काटा येतो, आणि तो दरवेळी येतो. शब्दांतही एक गोष्ट फार सुंदर आहे. सुरुवातीला नद्यांची नावं आहेत. रेवा म्हणजे नर्मदा, वरदा म्हणजे वर्धा, कृष्णा, कोयना, गोदावरी. या सगळ्यांचं पाणी मातीच्या घागरीत एक होतं, असं चित्र आहे. राजा बढे नागपूरचे. विदर्भ महाराष्ट्रात यावा की वेगळा असावा, हा वाद चाललेल्या काळात नागपूरच्या कवीनं वर्धा नदीला कृष्णेच्या शेजारी बसवलं. ही लहान गोष्ट नाही. इथेही यादीच आहे, आणि ही यादी जोडण्याचं काम करते.

मात्र माझी उल्हास नदी तिच्यात नाही. वैतरणा नाही, सावित्री नाही. एखाद्या गाण्यात सगळं मावत नाही, मान्य. माझी अडचण वेगळी आहे.

दोन्ही गाण्यांत एक नदी सामायिक आहे, आणि ती महाराष्ट्रातली नाही. यमुना. राष्ट्रगीतात यमुना गंगेच्या, विंध्याच्या आणि हिमालयाच्या सोबत येते. ती तिथे नुसती आहे, तिच्या जागी. राज्यगीतात यमुना येते ती भीमथडीच्या घोड्यांनी पाणी प्यावं म्हणून. एका गाण्यात नदी सोबत गाते, दुसऱ्यात नदीपर्यंत पोहोचणं हा पराक्रम आहे. गाणं संपतंही दिल्लीच्या तख्ताचं रक्षण करण्यावर. सेनापती बापटांच्या प्रसिद्ध कवितेतही हाच विचार आहे, की महाराष्ट्र राष्ट्राचा आधार आहे आणि आमच्यावाचून राष्ट्राचा गाडा चालणार नाही. मराठी मनात देश आणि प्रदेश यांचं नातं बऱ्याचदा असंच बसलेलं असतं. आम्ही राखणारे, आम्ही खांदा देणारे.

यात प्रेम आहे, त्याग आहे, गरिबीची आणि घामाची जाणीवही आहे. नाही तो शेजारी. गाण्यातला महाराष्ट्र आभाळाकडे बघतो, दिल्लीकडे बघतो. बाजूला बघत नाही. राष्ट्रगीतात प्रदेश एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. राज्यगीतात आमचा प्रदेश एकटाच देशासमोर उभा आहे. शाळेच्या रांगेत आम्ही गात होतो शेजारी उभं करणारं गाणं, पण आमच्या माना आणि छात्या दुसऱ्या गाण्यात होत्या. तेव्हा ते राज्यगीत झालेलंही नव्हतं.

यादीवरचे आक्षेप

राष्ट्रगीताला मी फार सवलत देतोय, असं कुणी म्हणेल. रास्त आहे. त्या यादीत आसाम नाही, ईशान्येचं कुणीच नाही. काश्मीर नाही. बिहार आणि आजचा उत्तर प्रदेश नाही. शिवाय ती सातही नावं शेवटी एकाच भाग्यविधात्याकडे तोंड करून उभी आहेत. एकमेकांशी ती बोलत नाहीत.

म्हणून यादी दुरुस्त करायच्या मागण्या झाल्या. 'सिंध' काढून तिथे 'काश्मीर' घाला, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयात आली होती. २००५ मध्ये न्यायालयानं ती फेटाळली. म्हणणं साधारण असं होतं, की राष्ट्रगीत ही देशाच्या हद्दीची नोंदवही नव्हे. सिंध म्हणजे नुसती जमीन नव्हे, तिथली संस्कृती आणि इथे आलेली माणसंही. २०१८ मध्ये आसामचे खासदार रिपुन बोरा यांनी राज्यसभेत ठराव मांडला. त्यात 'सिंध' काढून ईशान्य भारताचा उल्लेख घाला अशी मागणी होती. ईशान्येचं दुःख खरं आहे. पण दोन्ही वेळा जागा करायची तर काढायचं कुणाला, याचं उत्तर एकच निघालं. ज्याच्यामागे जमीन नाही त्याला. राज्य नाही, मुख्यमंत्री नाही, विधानसभा नाही. एका भाषेचे लाखो लोक देशभर पसरलेले, पण त्यांच्या नावाचा एक जिल्हासुद्धा नाही.

जमीन गेली तरी नाव सोडायचं नाही, ही गोष्ट आमच्या अंबरनाथला नवीन नाही. वालधुनीच्या काठचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे १०६० चं. ते शिलाहारांच्या काळातलं. उत्तर कोकणातले हे राजे आपल्या लेखांत स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवत. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. ठाण्याच्या खाडीपाशी राज्य करायचं आणि बिरुद मिरवायचं सह्याद्रीपलीकडच्या, आपल्या ताब्यात नसलेल्या गावाचं. त्यांना कुणी म्हणालं नाही, की तेर आता तुमचं नाही, तेवढं नाव काढा. त्यांच्या बिरुदाला आपण इतिहास म्हणतो.

मी काय काढलं

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या अॅपमध्ये भाषा निवडायची सोय करायची होती. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत, त्या सगळ्या घ्यायच्या असं ठरलं. यादी बनवायचं काम माझ्याकडे होतं. सिंधीपाशी अडलं. सिंधी १९६७ मध्ये अनुसूचीत आली, पण भारतात ती दोन लिप्यांत लिहिली जाते. एक अरबी वळणाची, ५२ अक्षरांची, १८५३ मध्ये ठरवलेली, दुसरी देवनागरी. नुसता 'सिंधी' एवढाच कोड दिला तर लायब्ररी अरबी लिपी गृहीत धरते, अख्खा स्क्रीन उजवीकडून डावीकडे फिरतो आणि बटणं भलतीकडे जातात. देवनागरी हवी असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. दोन्ही ठेवायच्या तर चाचण्या दुप्पट. मीटिंगमध्ये प्रश्न आला, वापरणारे किती असतील? कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, सध्या काढून टाकू, नंतर बघू. कुणाची हरकत नव्हती. एक ओळ उडवली आणि घरी यायला अंबरनाथ लोकल पकडली.

गाडी उल्हासनगरला थांबली तेव्हासुद्धा मला काही आठवलं नाही. ते आठवलं त्या २६ जानेवारीला, जाहिरातीच्या पाच सेकंदांत. सर्वोच्च न्यायालयानं जे करायला नकार दिला, ते मी एका दुपारी, कुणी सांगितलेलं नसताना केलं होतं. त्यात द्वेष नव्हता. मान तिरकी करून हसणंसुद्धा नव्हतं. नुसती सोय होती. नावं बहुतेक अशीच निघत असावीत, सोयीसाठी.

त्याच आठवड्यात मी मित्राच्या दुकानात गेलो. उल्हासनगरात त्यांचं कापडाचं दुकान आहे. दारावरची मराठी पाटी माझ्या ओळखीची. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना मराठी पाट्यांसाठी दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा त्यानं मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. "भाई, ऱ्हस्व-दीर्घ बघून दे, उगाच कुणी काच फोडायला नको." त्यातलं दुसरं अर्ध वाक्य त्यानं हसण्याच्या इमोजीसह लिहिलं होतं. मी वेलांट्या दुरुस्त करून पाठवल्या. मराठी पाटी असावी, हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. पण त्या पाटीवर सिंधीत काहीच नाही. ते त्यानं मागितलंही नव्हतं. मी विचारलं का नाही, तर म्हणाला, "वाचणार कोण?"

गल्ल्यावर त्याचे वडील नोटा मोजत होते. एक नोट घेऊन मी मागची भाषांची पट्टी वाचली. आसामीपासून उर्दूपर्यंत १५ भाषा. कोकणी आणि नेपाळी सिंधीनंतर २५ वर्षांनी अनुसूचीत आल्या, त्याही आहेत. सिंधी नाही. दिवसभर नोटा मोजणाऱ्या या बाजारात हे कधी कुणाच्या लक्षात आलं का, असं मी काकांना विचारलं. काकांनी चष्मा वर करून पट्टी बघितली. "अरे हां," म्हणाले आणि पुढची गड्डी उचलली.

माझी स्वतःची ॾाॾी

या सगळ्यात मी मराठी म्हणून सुखरूप आहे, असं मला वाटायचं. तसं नाही.

माझी आजी धुळे जिल्ह्यातली. ती फोनवर "काय करी ऱ्हायना?" असं विचारते. ही अहिराणी. जनगणनेत खान्देशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजली जाते आणि अहिराणी तिच्यात येते. आठव्या अनुसूचीत ती नाही. आमच्या घरात जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषा 'मराठी' लिहितात. शाळेत मी आजीचा फोन कधी मित्रांसमोर घ्यायचो नाही. पाठ्यपुस्तकात बहिणाबाईंची कविता यायची, तेव्हा खाली शब्दांचे अर्थ दिलेले असत. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, आमची अहिराणी. दोन्ही खान्देशच्या, शेजारच्या. त्यातले कितीतरी शब्द मला अर्थ न बघता कळायचे. वर्गात कुणाला येतंय का विचारलं, की मी हात वर करायचो नाही. बाकावर शेजारी डाडी बसलेला असायचा. त्याची जी गंमत व्हायची, ती आपली व्हायला नको.

म्हणजे त्या सात नावांतल्या 'मराठा' या एका शब्दाच्या पोटातही एक यादी आहे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आगरी आणि कितीतरी. आपण ती वाचत नाही. बाहेरच्यानं आपल्याला एकाच नावानं हाक मारली की आपण चिडतो, आणि आत आपणही तेच करतो.

२०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणणारे शासन निर्णय निघाले, १६ एप्रिलला आणि मग १७ जूनला. २९ जूनला ते मागे घेतले गेले तेव्हा मला बरं वाटलं. भाषा घरातून कशी जाते, हे मी पाहिलंय. मित्राच्या ॾाॾीला सिंधी लिहिता-वाचता येतं. वडील सिंधी बोलतात, वाचतात हिंदी. मित्राला सिंधी समजतं, उत्तर तो हिंदीत देतो, माझ्याशी मराठीत बोलतो. तीन पिढ्यांत एक भाषा संपत आली. कुणी बंदी घातली नव्हती, कुणी काठी उगारली नव्हती. मराठीचं असं होऊ नये म्हणून भांडणारे लोक चुकीचे नाहीत. मला फक्त इतकं वाटतं, की ज्याची भीती वाटते त्याचं उदाहरण शोधायला दिल्लीकडे बघायची गरज नाही. ते एका स्टेशनावर आहे. तिथे जाऊन आपण 'मराठी बोल' म्हणतो, तेव्हा समोरचा भाषा हरलेला माणूस असतो, भाषा लादणारा नव्हे.

आंबेडकरांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिलं तेव्हा एक फरक सांगितला होता. एका राज्याची एक भाषा असावी, हे ठीक. पण एका भाषेचं एकच राज्य असलं पाहिजे, हा हट्ट नको. महाराष्ट्राचेही त्यांनी चार भाग सुचवले होते. ते झालं नाही. शंभरावर माणसांनी जीव दिल्यावर १ मे १९६० रोजी एक महाराष्ट्र झाला, आणि मी त्याचाच मुलगा आहे. पण त्यांची चिंता नकाशापुरती नव्हती. मोठ्या समूहाच्या राज्यात लहान समूहानं कुणाच्या भरवशावर राहायचं, ही ती चिंता होती. राज्यगीताकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. राष्ट्रगीताकडे अर्धं आहे. ते लहानाचं नाव घेतं. पण नाव ऐकणाऱ्यांनी मान तिरकी करायची की सरळ ठेवायची, हे गाणं ठरवत नाही.

म्हणून या दोन गाण्यांबद्दल माझं मत असं. राज्यगीत जास्त चांगलं गाणं आहे. राष्ट्रगीताची ती ओळ जास्त चांगली कविता आहे, कारण ती विस्कळीत आणि अपुरी आहे, आणि जमीन हरलेल्या माणसाला तिनं रांगेत उभं राहू दिलंय. ती दुरुस्त करायची असेल तर नावं वाढवा. काढू नका.

मी त्या २६ जानेवारीनंतर ऑफिसात तिकीट उघडलं. 'सिंधी (देवनागरी) परत घालणे.' खाली लगेच प्रश्न आला, वापरकर्त्यांची अंदाजे संख्या? तिकीट तिथेच अडकलं आहे. मागच्या रविवारी मी कॅम्प चारला जाऊन ॾाॾीला भेटून आलो. ती वाकून बघत म्हणाली, "अच पुट, वेहु." ये बाळ, बस. माझ्या फोनवर मी तिला देवनागरीतलं सिंधी दाखवलं. तिनं फोन लांब धरून बघितला आणि परत दिला. तिला ते वाचता येत नाही. तिला फक्त ती उजवीकडून डावीकडे जाणारी ५२ अक्षरं येतात. नातवाला त्यातलं एकही येत नाही.

तिकिटाला काय उत्तर लिहायचं, ते मी अजून ठरवलेलं नाही. बहुतेक दोन्ही लिप्या मागेन. चाचण्या दुप्पट होतील, त्या मी करीन.